तरुण डिफेन्सिव्ह एंड खरंच तयार होतोय का? सॅक मोजू नका, दुसरा डाव बघा

दर डिसेंबरात तोच गोंधळ. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये दुसऱ्या वर्षातल्या एखाद्या पोराचे सॅक (क्वार्टरबॅकला पास टाकण्याआधीच पाडणं) चारावर अडकले की ‘पिक वाया गेला’, म्हणजे ड्राफ्टमधली निवड फुकट, आणि नऊ झाले की ‘पुढचा मायल्स गॅरेट सापडला’, म्हणजे या जागेवरचा पुढचा मोठा तारा. दोन्ही निकाल बॉक्स स्कोअर वाचून दिलेले असतात. डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे बचावफळीच्या टोकाला उभा राहून क्वार्टरबॅकवर धावून जाणारा गडी, पिकायला वेळ घेतो. कॉलेजमध्ये नुसत्या वेगावर जिंकलेला पोरगा एनएफएलमध्ये दर रविवारी अशा टॅकलसमोर (क्वार्टरबॅकला वाचवण्यासाठी त्याला अडवणाऱ्या खेळाडूसमोर) उभा राहतो, ज्यानं तसला वेग वर्षानुवर्षं पाहिलेला असतो. तो वेग चालेनासा झाला की त्याच्याकडे काय उरतं, म्हणजे कुस्तीसारखा पहिला डाव अडल्यावर दुसरा डाव आहे का, हे ओळखायचं आहे. नियम, पोझिशन्स, डाउन-डिस्टन्स तुम्हाला येतं असं धरून पुढचं सांगतो.

काम काय दिलंय ते आधी बघा

तो टॅकलच्या अगदी समोर उभा राहतो की लांब बाहेर, सामन्यात किती टक्के स्नॅप (बॉल मागे दिल्यावर सुरू होणारा एकेक खेळ) खेळतो, वजन किती, आणि ड्राफ्टच्या, म्हणजे कॉलेजमधून टीमनं निवडण्याच्या, वेळी वय काय होतं. दहा मिनिटांचं काम आहे, पण वय विसरू नका. मिनेसोटानं २०१५ मध्ये तिसऱ्या फेरीत डॅनील हंटरला घेतलं तेव्हा तो २० वर्षांचा होता आणि एलएसयू या कॉलेजातल्या शेवटच्या सीझनमध्ये त्याचे जेमतेम दीड सॅक होते. पहिल्या वर्षी त्यानं ६ केले, दुसऱ्या वर्षी १२.५. तिसऱ्या वर्षी आकडा ७ वर घसरला, आणि त्यानंतर सलग दोन सीझन १४.५. विशीतलं कच्चं शरीर आणि पाच वर्षं कॉलेज खेळून आलेला चोविशीतला गडी, यांना एकच फूटपट्टी लावू नका.

सॅक चाळून घ्या

सॅकचा आकडा घ्यायचा असेल तर एकेक सॅक उघडून बघा. पंधरा सॅक असले तरी अर्ध्या-पाऊण तासात होतं. कोणीच अडवलं नाही म्हणून मिळालेला, कव्हरेज चांगलं असल्यामुळे क्वार्टरबॅक बॉल धरून बसला म्हणून मिळालेला, शेजारच्यानं पॉकेट फोडल्यावर आयता हातात पडलेला, हे सगळे बाजूला काढा. समोरच्या टॅकलला एकट्यानं हरवून मिळवलेले तेवढे ठेवा.

व्हिक बीस्लीचं उदाहरण यासाठी कायम लक्षात ठेवावं. २०१६ मध्ये, म्हणजे दुसऱ्याच वर्षी, अटलांटाकडून १५.५ सॅक, अख्ख्या लीगमध्ये पहिला नंबर. त्यातले साडेतीन एकट्या डेन्व्हरविरुद्धच्या सामन्यात आले, आणि त्या दिवशी डेन्व्हरचा क्वार्टरबॅक पॅक्स्टन लिंच नवखा होता, पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळत होता. पुढची वर्षं बघा: ५, ५, ८. याच्या उलट मॅक्स क्रॉस्बी. पहिल्या वर्षी १०, मग ७, मग ८. आकड्यावर गेलात तर पोरगा घसरतोय. पण त्या ८ सॅकच्या २०२१ मध्ये तो क्वार्टरबॅकवर दबाव आणण्यात लीगमधल्या पहिल्या काही जणांत होता, ‘प्रो बोल’ या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठीही निवडला गेला. पुढच्या दोन वर्षांत १२.५ आणि १४.५.

स्नॅप निवडा

टीव्हीवरचं प्रक्षेपण यासाठी निरुपयोगी आहे, कॅमेरा बॉलच्या मागे जातो. अमेरिकेतल्या दुपारी एकचा सामना भारतात रात्री साडेदहाला लागतो, नोव्हेंबरात घड्याळं बदलली की साडेअकराला. तो मजेसाठी बघा आणि झोपा. मत बनवायला नंतर ऑल-२२ फिल्म (सगळे बावीस खेळाडू दिसतात ती) लावा, त्यातही एंड झोनमागचा अँगल. स्क्रीन पास, झटपट पास, प्ले-अ‍ॅक्शन, टाइट एंड किंवा रनिंग बॅकनं धक्का देऊन मदत केलेले स्नॅप, हे सगळे वगळा. एका सामन्यात दहा-पंधरा खरे एकास-एक स्नॅप उरतील. सप्टेंबरचा एक सामना, नोव्हेंबरचा एक आणि डिसेंबरचा एक, एवढे पुरेत. हायलाइट क्लिपवरून कोणी काही सांगत असेल तर ऐकूही नका. क्लिप जिंकलेल्या स्नॅपची असते, आणि तुम्हाला बघायचाय तो अडलेला स्नॅप.

दुसरा डाव

इथून पुढचं खरं अवघड. मला यावर नजर बसायला फार वेळ लागला, कारण डोळा आपोआप एंडवर जातो. एंडवर नका ठेवू. टॅकलचा बाहेरचा पाय बघा.

स्नॅप झाला की टॅकल मागे सरकायला लागतो. एंडनं पहिल्या दोन-तीन पावलांत बाहेरची कड खरोखर धोक्यात आणली असेल, तर टॅकलची घाई लगेच दिसते. बाहेरचा पाय लांब पडतो, कंबर साइडलाइनकडे उघडते, वजन टाचांवर जातं. धोका नसेल तर तोच टॅकल छाती समोर ठेवून निवांत सरकत राहतो. टॅकल निवांत असेल तर पुढे एंडनं कितीही हात फिरवले तरी तो स्नॅप हरलेला म्हणून लिहा आणि पुढे जा.

मग हात बघा. नवख्याचे हात उशिरा येतात. टॅकलचा पंजा आधी त्याच्या छातीवर बसतो आणि मग हा झटकायला लागतो. तोवर खेळ संपलेला असतो. शिकलेला एंड टॅकलचा हात निघतो त्याच क्षणी मनगटावर नाहीतर कोपरावर तडाखा देतो आणि त्याच पावलाला खांदा खाली घालून कडेनं वाकतो. हात आणि पाय एकाच वेळी पडणं हे पहिल्या वर्षी बहुतेकांना जमत नाही, त्यावरून कुणाला झोडपू नका. दुसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरातही जमत नसेल तर मात्र मी काळजी करतो.

आणि आता मुख्य गोष्ट: पहिला डाव अडला, पुढे काय? कुस्तीत एकाच डावावर उभा असलेला मल्ल सुरुवातीला फड गाजवतो, पण डाव सगळीकडे माहीत झाला की समोरचा त्याची तोड घेऊनच आखाड्यात उतरतो. एंडच्या बाबतीत ते ऑक्टोबरपर्यंत होतं, कारण प्रत्येक टीमकडे त्याची फिल्म असते. म्हणून कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात त्याचा पहिला डाव, दुसऱ्यात टॅकलनं तो कसा अडवला, तिसऱ्यात त्यानंतर त्यानं काय केलं. तिसऱ्या रकान्यात मी तीनच शब्द वापरतो. पाय थांबले आणि तो नुसता छातीला छाती लावून ढकलत राहिला तर ‘मेला’. वेगाचं ताकदीत रूपांतर करून टॅकलला मागे क्वार्टरबॅकच्या अंगावर नेलं तर ‘घुसला’. बाहेरून आत कापलं तर ‘वळला’. सप्टेंबरात सगळीकडे ‘मेला’ आणि डिसेंबरात निम्म्या ठिकाणी दुसरं काही, तर पोरगा वाढतोय, मग त्या महिन्यात सॅक शून्य असोत.

असा एक स्नॅप डोळ्यांसमोर आणा. थर्ड अँड ८, म्हणजे तिसरा प्रयत्न आणि आठ यार्ड हवेत. एंड टॅकलच्या बराच बाहेर उभा आहे आणि आधीच्या दोन पासना त्यानं बाहेरून सुसाट पळून दाखवलंय. आताही पहिली दोन पावलं अगदी तीच. तिसऱ्या पावलाला टॅकल बाहेर झुकतो, कंबर उघडते. एंड बाहेरचा पाय रोवतो, टॅकलचा हात खाली दाबतो आणि गार्ड-टॅकलमधल्या फटीतून आत शिरतो. क्वार्टरबॅकला तो नाकासमोर दिसतो, बॉल घाईनं सुटतो आणि रिसीव्हरच्या पायाशी पडतो. बॉक्स स्कोअरमध्ये या एंडच्या नावापुढे काहीही येत नाही. माझ्या कागदावर मात्र त्या ओळीला चांदणी असते, कारण त्यानं आधीचे दोन स्नॅप या तिसऱ्यासाठी खर्च केले. हा विचार ज्याच्याकडे आला तो तयार व्हायला लागला.

इथे एक फसवणूक होते, तिच्यापासून सावध राहा. आत वळणारा प्रत्येक एंड शिकलेला नसतो. काही जण बाहेर अडकले की घाबरून आत घुसतात, आणि बाहेरची अख्खी बाजू मोकळी सोडतात. पळण्यात तरबेज क्वार्टरबॅकसमोर, म्हणजे लमार जॅक्सन किंवा जॉश अ‍ॅलनसमोर हे केलं की तो त्याच बाजूनं पळत वीस यार्ड काढतो. ठरवून वळलेला आणि घाबरून वळलेला यांतला फरक टॅकलच्या कंबरेवरून कळतो: कंबर आधी उघडली आणि मग हा वळला, तर ठरवून, टॅकल चौरस उभा असताना वळला, तर नाइलाज. नाइलाजानं वळून सॅक मिळाला तरी मी तो उणे लिहितो. यावर माझं अनेकांशी पटत नाही, तरी मी बदलणार नाही. दैवानं मिळालेलं पुढच्या आठवड्यात मिळत नाही.

दुसरी फसवणूक त्याहून गोंडस. एंड बाहेरून इतका वेगात जातो की टॅकल मागेच राहतो, प्रेक्षक ओरडतात. नीट बघा, तो क्वार्टरबॅकच्याही मागे निघून गेलाय. क्वार्टरबॅक एक पाऊल पुढे सरकतो आणि शांतपणे पास टाकतो. कड वाकून पार करता आली नाही म्हणून तो लांबचा वळसा घेतोय, हे त्याचं कारण. घोटा आणि कंबर वाकत नसेल तर वजन वाढवून काही होत नाही. ऑफसीझनमध्ये ‘पाच किलो स्नायू चढवले’ अशा बातम्या येतात, त्यावर आशा बांधू नका. त्या वजनाखाली स्नॅपवरचं पहिलं पाऊल मंदावलं तर तोटाच आहे.

रन

बाहेरची कड धरतो का, टाइट एंड त्याला आत दाबू शकतो का, एवढं बघा. ज्याला रनवर विश्वासानं ठेवता येत नाही त्याला पास रशचे स्नॅपही मिळत नाहीत. ट्रॅव्हन वॉकरला जॅक्सनव्हिलनं २०२२ मध्ये पहिल्या नंबरवर घेतलं, आणि लगेच दुसऱ्या नंबरवर एडन हचिन्सन डेट्रॉइटकडे गेला. पहिल्या वर्षी हचिन्सनचे ९.५ सॅक, वॉकरचे ३.५, आणि वॉकरवर निकाल लागून मोकळा. पुढच्या दोन सीझनमध्ये वॉकरचे १० आणि १०.५ झाले. हचिन्सन चांगला खेळाडू आहे यात वादच नाही. घाई वॉकरच्या बाबतीत झाली.

दुखापतीचं वर्ष मोजू नका

जेडेव्हियन क्लाउनी २०१४ चा पहिला पिक. गुडघ्यामुळे चार सामने खेळला, सॅक शून्य. ते वर्ष कोरं समजा आणि घड्याळ पुढच्या वर्षापासून लावा. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पहिलं पाऊल परत यायला बरेचदा आणखी एक सीझन जातो.

आकडे सगळ्यात शेवटी

स्वतःचा कागद भरून झाल्यावरच आकडे उघडा, नाहीतर डोळा तेच बघतो जे आकडा सांगतो. ईएसपीएनचा पास रश विन रेट उपयोगी आहे, त्यात २.५ सेकंदांच्या आत ब्लॉक हरवला का हे मोजतात. प्रेशरचे आकडे वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे येतात, म्हणून वर्षावर्षाची तुलना एकाच ठिकाणच्या आकड्यांनी करा. सॅकच्या पलीकडे मतदारही बघतात हे २०२४ मध्ये दिसलं: रॅम्सचा जॅरेड व्हर्स ४.५ सॅकवर त्या वर्षीचा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह रूकी (पहिल्या वर्षाचा खेळाडू) ठरला. तो दर आठवड्याला टॅकलना उचलून क्वार्टरबॅकच्या मांडीवर नेऊन ठेवत होता, आणि ते फिल्मवर ढळढळीत दिसत होतं.

पहिल्या फेरीत घेतलेल्या खेळाडूचं पाचव्या वर्षाचं ऑप्शन, म्हणजे त्याचा करार पैसे देऊन आणखी एक वर्ष वाढवायचा हक्क, वापरायचं की नाही, हे टीमला तिसऱ्या सीझननंतरच्या मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत ठरवावं लागतं. म्हणजे तुमच्याकडे तीन डिसेंबर असतात. तिन्ही डिसेंबरांचे कागद शेजारी ठेवा आणि फक्त तिसरा रकाना वाचा. तिन्हींत ‘मेला’च भरलेलं असेल, तर त्या वर्षी सॅक दहा असले तरी मी ते पैसे देणार नाही.