उलटी दाढी आणि गळ्यावरच्या पुटकुळ्या : सलूनमध्ये नव्याने उभ्या राहणाऱ्यांसाठी

नव्या कारागिराला धास्ती असते ती कटिंगची. दाढीचं त्याला काही वाटत नाही. फेस करा, वस्तरा फिरवा, तुरटी घासा, पुढचं गिऱ्हाईक. पण कटिंग बिघडली तर माणूस खुर्चीवरूनच बोलतो, आपल्याला सावरायला वाव मिळतो. दाढीनंतर गळ्यावर पुटकुळ्या उठल्या तर तो काही बोलत नाही, पुढच्या रविवारी समोरच्या दुकानात जाऊन बसतो.

माझ्या हाताखाली पोरं शिकली, त्यांना जे तोंडी सांगतो तेच इथे लिहितो आहे.

पुटकुळी येते कशी, ते आधी डोक्यात पक्कं बसवा. वस्तऱ्याने केस तिरका कापला जातो, त्याला टोक येतं. केस सरळ असेल तर तो मुकाट्याने वर येतो. कुरळा असेल तर बाहेर येऊन वळतो आणि शेजारच्या कातडीत घुसतो. दुसरा प्रकार आपल्या हातून होतो. आपण कातडी ताणतो, केसाच्या उलट वस्तरा मारतो, केस ओढला जाऊन कापला जातो. कातडी सोडली की तो पृष्ठभागाच्या आत सरकतो आणि वाढताना बाहेरची वाट न धरता आतल्या आतच कातडीला टोचतो. शरीराला तो काट्यासारखा परका वाटतो, म्हणून तिथे लाल गाठ येते. म्हणजे ही मुळात घाणीची किंवा जंतूंची पुळी नव्हे. नंतर खाजवून जंतू शिरतात, ती गोष्ट वेगळी.

आता गोम लक्षात आली असेल. ‘दादा, एकदम गुळगुळीत करा’ म्हणून गिऱ्हाईक ज्या दाढीवर खूश होतं, तीच दाढी या पुटकुळ्यांचं कारण आहे. घरी दोन-तीन पात्यांचा रेझर वापरणाऱ्यांचंही तेच. पहिलं पातं केस ओढतं, मागचं खोलवर कापतं. दोन पात्यांचे रेझर 1971 पासून बाजारात आले, ते याच गुळगुळीतपणाच्या जोरावर विकले गेले. कुरळ्या दाढीच्या माणसाला एक पातं बरं.

साबण लावायच्या आधी कोरड्या गळ्यावरून बोटांची मागची बाजू फिरवा. जिकडे बोट अडखळतं ती उलटी बाजू, जिकडे सरकतं ती सुलटी. गालावर केस बहुतेक खालीच जातात, पण हनुवटीखाली खेळ बदलतो. घाटीच्या, म्हणजे कंठमण्याच्या, खाली कित्येकांचे केस वरच्या दिशेला वाढलेले असतात, कुणाचे आडवे, कुणाच्या गळ्याच्या एका बाजूला चक्क भोवरा असतो. ‘वरून खाली म्हणजे सुलटा हात’ असं पाठ केलेला पोरगा अशा गळ्यावर नकळत उलटी दाढी करत असतो. तिथे सुलटा हात खालून वरच जातो. पुटकुळ्या सगळ्यात जास्त याच पट्ट्यात दिसतात, ते उगाच नाही.

बाकी कृती साधी आहे. कोमट पाण्याचा टॉवेल दोन-तीन मिनिटं ठेवा, फेस मुरू द्या. पातं नवं, आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर बदललेलं. गळ्यावर कातडी फार ताणू नका, वस्तरा दाबू नका, एकच हात, म्हणजे एका जागेवरून वस्तरा एकदाच. दुसरा हात मागितला तर गालावर द्या, गळ्यावर नको. ज्याला वारंवार त्रास होतो त्याचा वस्तराच बंद करा आणि ट्रिमर लावा. अर्धा-एक मिलिमीटर खुंट राहिला तर केस आत शिरत नाही. लांबून तोही साफच दिसतो.

तुरटीचं मात्र बघा. सकाळपासून रात्रीपर्यंत एकच खडा सगळ्यांच्या गालावरून फिरतो, आणि बारीक कापलेल्या जागी रक्त लागतंच. हिपॅटायटिस बी चा विषाणू बाहेर पडलेल्या रक्तात किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. तुरटीचं पाणी करून बाटलीने फवारा, नाहीतर नुसतं गार पाणी पुरतं.

लग्नसराईत नवरदेव येतो आणि हळदीच्या दिवशी सकाळी उलटी दाढी मागतो. वर हळद, घाम, नवा कोरा कॉलर. दोन दिवसांनी फोटोत गळा लाल. उलटी दाढी करायची सवय नसेल तर लग्नाच्या तोंडावर ती सुरू करू नका, असं त्याला आणि सोबत आलेल्या मामालाही स्पष्ट सांगा. मामा ऐकतो, नवरदेव ऐकत नाही.

आधीच पुटकुळ्या असलेला माणूस आला तर जवळून बघा. कातडीखाली वळलेला काळा केस बऱ्याचदा दिसतो. सुईने उकरायचा मोह आवरा, चिमट्याने मुळापासून उपटूही नका. उपटलेला केस पुन्हा आतल्या आत वाढतो. खरा इलाज म्हणजे साधारण महिनाभर वस्तरा बंद. सुरुवातीला गळा आणखी खराब दिसतो, तिथेच माणसं कंटाळून दाढी करतात. केस वाढला की तो आपल्याच ताणाने टोक सोडवून बाहेर येतो. तोवर ट्रिमर चालतो. घरी मऊ कापड ओलं करून हलक्या हाताने गोल फिरवायला सांगा. सॅलिसिलिक किंवा ग्लायकॉलिक ॲसिडचा फेसवॉश उपयोगी पडतो, पण सोलवटलेल्या कातडीवर नको. काळे डाग महिनोन्‌महिने रेंगाळतात, तेही आधीच सांगून ठेवा.

मेडिकलमधून ‘लगेच बसतं’ म्हणून आणलेली ट्यूब मात्र सुचवू नका. त्यात बऱ्याचदा कडक स्टिरॉइड असतं. लाली चार दिवस दबते, मग चामडी पातळ होते, आणि नायटा असेल तर तो चेहराभर पसरतो. अशी बरीच मलमं 2018 मध्ये शेड्यूल एच मध्ये आली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत.

काही चेहरे आपल्या हातचे नसतात. कडेने खवले असलेला गोल चट्टा दिसला की वस्तरा खाली ठेवा, तो नायटा असू शकतो आणि तुमच्या मशीनवरून पुढच्या माणसाकडे जाईल. पू, ठणका, सूज असेल तर डॉक्टर. मानेमागे केसांच्या कडेला कडक गाठी असतील तर तिथे ‘लाइन’ काढायला वस्तरा लावू नका, मशीनही चिकटवून फिरवू नका. त्या घासण्याने वाढतात, मागे जाड वण राहतात. हॉटेलमध्ये किंवा पोलीस ट्रेनिंगला असलेल्या, रोज साफ दाढी करावीच लागणाऱ्या पोराला काहीच लागू पडत नसेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे केस घालवणाऱ्या लेझरबद्दल विचारायला सांगा. सावळ्या रंगाला एनडी-याग लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित, पण बैठका बऱ्याच लागतात आणि खर्चही.

मालक म्हणेल, असं गिऱ्हाईक परत पाठवून धंदा कसा चालायचा? परत पाठवायचं नाहीच. महिनाभर वस्तरा बंद म्हणजे ट्रिमर, कल्ले आणि मिशीची कड यासाठी तो येतच राहतो. दर दाढीचाच लावा. वेळ तेवढाच जातो, आणि गळा बघायला तर वस्तऱ्यापेक्षा जास्त.