पगार सातला, हप्ता पाचला

भोसरीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी पगार काढते. एकशे तीस माणसं, त्यातली निम्मी पंचविशीच्या आतली. नवा पोरगा कायम झाला की महिन्या-दोन महिन्यांत माझ्या टेबलाशी येतो. "ताई, तीन महिन्यांच्या स्लिपा पाहिजेत, सही-शिक्क्यासकट." म्हणजे कर्ज. बहुतेकदा मोटरसायकल, कधी फोन, कधी बहिणीचं लग्न. शिक्का मारायच्या आधी मी हल्ली एकच गोष्ट विचारते: हप्त्याची तारीख कोणती?

आमचा पगार ७ तारखेला होतो आणि गाडीच्या कर्जाचे हप्ते पुष्कळदा ५ तारखेला कापतात. मधले दोन दिवस काय करतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय. गेल्या वर्षी परभणीकडचा एक मुलगा लागला, वय बावीस. हप्ता ५ तारखेला खात्यावर आला तेव्हा खात्यात चारशे रुपये होते. हप्ता परत गेला. सातला पगार जमा झाला, त्याला वाटलं आता आपोआप कापून घेतील. कोणी कापला नाही. परत गेलेला हप्ता आपणच जाऊन किंवा ॲपवरून भरायचा असतो, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या महिन्यात तेच झालं. त्याच्या बँकेने दंड लावला, कर्ज देणाऱ्यांनी वेगळा लावला आणि तिसऱ्या महिन्यात वसुलीचा माणूस गेटवर येऊन उभा राहिला. त्या पोराने कुणाचा रुपया बुडवला नव्हता, दर महिन्याच्या सातला पैसे त्याच्याच खात्यात येत होते. पण नोंदीत तो दोन महिने थकलेला दिसतो, आणि ती नोंद वर्षानुवर्षं राहते.

म्हणून पहिलं काम हे करा. कर्जाच्या कागदावर सही करतानाच पगारानंतर तीन-चार दिवसांची तारीख मागून घ्या. बऱ्याच ठिकाणी दोन-तीन तारखांतून निवडता येते. तुम्ही विचारलं नाही तर त्यांच्या सोयीची पडते. हप्ता पगाराच्याच खात्यातून कापायला लावा. आणि एका हप्त्याएवढी रक्कम त्या खात्यात कायम पडून राहू द्या, ती नाहीच असं समजून. हे तीन नीट लावलं तर पुढचं बरंचसं आपोआप सांभाळलं जातं.

आता ही नोंद ठेवतं कोण? आपण सगळ्यालाच "सिबिल" म्हणतो, पण अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बँका आणि फायनान्स कंपन्या तुमच्या प्रत्येक कर्जाची आणि क्रेडिट कार्डाची माहिती यांना कळवतात. पूर्वी महिन्यातून एकदा कळवत, १ जानेवारी २०२५ पासून किमान पंधरवड्याला कळवणं सक्तीचं झालं. त्यावरून ३०० ते ९०० मधला एक आकडा निघतो. साडेसातशेच्या वर असला तर साधारणपणे बँकेत बोलणं सोपं जातं. प्रत्येक बँकेची फूटपट्टी मात्र आपापली.

यात काय मोजत नाहीत, तेही समजून घ्या, कारण मला ते चोवीसाव्या वर्षी फार लागलं होतं. माझे वडील कराडजवळच्या गावात शेती करतात. सोसायटीचं कर्ज त्यांनी कधी मार्चअखेरच्या पुढे नेलं नाही. गावातल्या पतसंस्थेचा निल, म्हणजे बाकी नसल्याचा, दाखला त्यांना मागायच्या आत मिळायचा. त्यांच्या शब्दावर खताची पोती उचलता यायची. आईची भिशी अठरा वर्षं चालली, एक हप्ता मागे-पुढे झाला नाही. अशा घरातली मी २०१८ साली स्कूटरच्या कर्जासाठी बँकेत गेले तेव्हा समोरची मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमचं सिबिलच नाही." आकड्याच्या जागी उणे एक. म्हणजे चांगली नाही, वाईटही नाही, माहीतच नाही. भिशी, किराण्याची वही, खोलीचं भाडं, वडिलांचं नाव, यातलं काहीच तिथे उमटत नाही. पतसंस्थेतून मी घेतलेलं दहा हजारांचं कर्जही या कंपन्या देतात त्या माझ्या कर्जनोंदीच्या रिपोर्टात आलं नव्हतं. गावाकडची पत खोटी असते असं नव्हे. ती तिथेच राहते, आपल्यासोबत पुण्याला येत नाही. इथे ती पहिल्यापासून उभी करावी लागते. आता पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ मागची नोंद नाही म्हणून फेटाळू नका, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं आहे. तुम्हाला तसं उत्तर मिळालं तर हे शांतपणे बोलून दाखवा.

मी सुरुवात केली ती मुदत ठेवीवरच्या कार्डापासून, आणि आजही कोणी विचारलं तर हाच रस्ता सांगते. वीस हजारांची ठेव केली, तिच्यावर सोळा हजार मर्यादेचं क्रेडिट कार्ड मिळालं. ठेव बँकेकडे अडकते, पण तिचं व्याज चालूच राहतं. पगाराचा आकडा, जुनी नोंद असलं फारसं काही विचारत नाहीत, कारण त्यांचे पैसे सुरक्षित असतात. महिन्याचं पेट्रोल आणि रिचार्ज एवढंच मी त्या कार्डावर टाकायची, दोन हजारांच्या आसपास. साधारण सहा महिन्यांत माझ्या नावापुढे आकडा आला. कार्ड भरपूर वापरलं की आकडा लवकर वाढतो हा समज काढून टाका. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत राहिलेलं बरं, म्हणजे सोळा हजारांवर चार हजार आठशेच्या आत. दर महिन्याला कार्ड काठोकाठ भरणारा माणूस पैसे वेळेवर देत असला तरी ओढाताणीत आहे असंच दिसतं.

कार्डाला दोन तारखा असतात आणि पोरं त्यांतच गोंधळतात. एक बिल निघण्याची, दुसरी पैसे भरण्याची. माझं बिल १४ तारखेला निघायचं आणि भरायची तारीख पुढच्या महिन्याची ३, म्हणजे पगाराच्या चार दिवस आधी. वर्षभर मी जीव मुठीत धरून ते सांभाळलं. नंतर कळलं की बिलाचं चक्र निदान एकदा बदलून मागण्याचा हक्क कार्डधारकाला आहे. मी २२ तारीख मागितली, भरणा ११ वर गेला आणि त्या दिवसापासून ती धास्ती संपली. एखाद वेळी चुकून तारीख हुकली तर घाबरून बसू नका, लक्षात येईल त्याच दिवशी भरा. तारखेनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय कार्डाची थकबाकी कळवता येत नाही आणि विलंबाचा दंडही लावता येत नाही, असा नियम आहे. पण त्या तीन दिवसांची सवय लावून घेऊ नका.

आता बिलावरची ती लहान रक्कम, "किमान देय". हिच्याबद्दल मला फार तळमळीने सांगायचंय. समजा बिल १२,००० रुपयांचं आहे आणि किमान देय ६००. पोरगा ६०० भरतो आणि सुटलो म्हणतो. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरा: १२,००० वर ४२० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, ७५ रुपये ६० पैसे. म्हणजे भरलेल्या सहाशेतले ४९५ रुपये ६० पैसे व्याज-करातच गेले, मूळ रकमेतून जेमतेम १०४ रुपये कमी झाले. वर्षाला बेचाळीस टक्के व्याज होतं हे. शिवाय बाकी ठेवली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, आज घेतलेल्या साबणावर आजपासून व्याज सुरू. किमान भरलं तर उशिराची नोंद होत नाही हे खरं, पण पैसे वाहून जातात. पूर्ण बिल भरायची ऐपत नसेल त्या महिन्यात कार्ड घरी ठेवा. आणि कार्डाने एटीएममधून रोकड कधीच काढू नका, तिथे पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, वर शुल्क वेगळं. त्यापेक्षा ऑफिसातून उचल मागा. आम्ही देतो, बिनव्याजी.

फोन हप्त्यावर घेणं हेही कर्जच आहे, "झिरो टक्के" लिहिलेलं असलं तरी. "आत्ता घ्या, नंतर द्या" हेही पुष्कळदा कर्जच असतं. दुकानात अंगठा-ओटीपी होतो, पोराच्या लक्षातही राहत नाही आणि रिपोर्टात पाच खाती उघडलेली असतात. ॲपवरून कर्ज घेण्याआधी त्यामागे कोणती बँक किंवा फायनान्स कंपनी आहे ते शोधा. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर अशा ॲपची यादी आहे. नाव सापडलं नाही तर घेऊ नका. फोनमधले कॉन्टॅक्ट आणि फोटो मागणाऱ्याला तर मुळीच हो म्हणू नका.

रिपोर्ट वर्षातून एकदा या चारही कंपन्यांकडून फुकट मिळतो, पूर्ण. पैसे भरून योजना घ्या असं संकेतस्थळ पुन्हा पुन्हा सुचवतं, गरज नाही. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने आकडा कमी होत नाही. एकाच आठवड्यात पाच ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकले की मात्र पाचही चौकशा नोंदल्या जातात आणि त्या बोचतात. मी चार कंपन्या वर्षभरात वाटून घेतल्या आहेत, दर तीन महिन्यांनी एक. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर.

रिपोर्ट वाचायला जड वाटतो, पण आधी वरचा भाग बघा: नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ते, फोन. मग खाती एक एक. प्रत्येक खात्याखाली महिन्यांचे चौकोन असतात, छत्तीस महिन्यांपर्यंतचे. ००० म्हणजे वेळेवर. ०३० म्हणजे तीस दिवस उशीर. इंग्रजी एक्स तीनदा असेल तर त्या महिन्याची माहिती कळवलीच गेली नाही. संपवलेलं कर्ज बंद दाखवलंय का, शिल्लक शून्य आहे का, हे बघा. आणि जे खातं आपलं नाहीच, ते शोधा.

माझ्या रिपोर्टात असं एक होतं. २०२४ मध्ये मोशीत घर घेण्यासाठी गृहकर्जाचा अर्ज टाकायच्या आधी मी रिपोर्ट काढला, तर त्यात ३८,००० रुपयांचं एक वस्तूकर्ज (घरातली वस्तू हप्त्यावर घेतल्याचं), चार महिने थकलेलं. माझ्याच नाव-आडनावाची, दुसऱ्या जिल्ह्यातली बाई. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी रिपोर्ट देणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली, पॅन आणि पत्त्याचा पुरावा जोडला, तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवला आणि कर्ज देणाऱ्या संस्थेलाही ईमेल केला. कंपनी स्वतःहून नोंद खोडत नाही, ज्याने कळवलं त्याने कबूल करावं लागतं, म्हणून दोन्हीकडे लिहायचं. ३० दिवसांत निकाल लावायचा असतो, त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, एप्रिल २०२४ पासून. माझं काम २६ व्या दिवशी झालं. नसतं झालं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, ऑनलाइन जाता येतं, फुकट. ते झाल्यावरच मी गृहकर्जाचा अर्ज टाकला. एवढा खटाटोप कशाला, असं वाटत असेल तर हिशेब बघा. खराब नोंदीमुळे व्याज अर्धा टक्का जास्त लागलं असं धरा: पंचवीस लाख, वीस वर्षं, साडेआठ टक्क्यांनी हप्ता २१,६९६ रुपये, नऊ टक्क्यांनी २२,४९३. महिन्याला आठशे, वीस वर्षांत एक लाख नव्वद हजारांच्या वर.

नोकरी गेली, आजारपण आलं, तर हप्ता चुकायच्या आधी बँकेत जा. मुदत वाढवून हप्ता लहान करता येतो का ते विचारा. वसुलीवाला "अर्धे भरा, सेटलमेंट करून टाकू" म्हणतो तेव्हा ते फार गोड वाटतं. पण खात्यापुढे "सेटल्ड" असा शेरा पडतो, आणि पुढचा बँकवाला तो "पूर्ण दिले नाहीत" असाच वाचतो. नोंद ठेवणाऱ्या त्या चार कंपन्यांनी माहिती किमान सात वर्षं जपायची असते. शेवटचा हप्ता गेला की थकबाकी नसल्याचा दाखला लेखी घ्या. गाडीचं कर्ज असेल तर आरटीओत बोजा, म्हणजे गाडीवरची कर्जाची नोंद, उतरवून घ्या, पोरं हे विसरतात आणि गाडी विकताना रडतात.

आणि जामीन. आमच्याकडे रूमवरच्या मित्राने कागद पुढे केला की सही करायची पद्धत आहे, नाही म्हणणं अपमान वाटतो. वेल्डिंगच्या एका मुलाने अशी सही केली. मित्र दिवाळीला गावी गेला तो परत आलाच नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच. ती थकबाकी या मुलाच्या रिपोर्टात आली आणि त्याच्या स्वतःच्या घराचं कर्ज अडलं. सही करण्याआधी स्वतःला विचारा, हे सगळे हप्ते मी एकटा भरू शकतो का? नसेल तर मित्राला पाच हजार हातात द्या, परत मागू नका, पण सही देऊ नका.

धाकट्या भावाच्या शैक्षणिक कर्जावर सहकर्जदार म्हणून माझी सही आहे. अभ्यासक्रम संपून वर्ष झालं आणि हप्ते सुरू झाले तेव्हा मी त्याच्याकडून एकच कबूल करून घेतलं. त्याचा पगार महिन्याच्या १ तारखेला होतो, हप्ता ५ ला जातो. दर महिन्याच्या ५ तारखेला दुपारी जेवायच्या सुट्टीत माझा फोन वाजतो, हप्ता कापल्याचा मेसेज त्याने मला पुढे पाठवलेला असतो.