एअर रायफलचा पहिला दिवस: आधी झेंडी, मग नेम

१ ऑगस्ट २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीत ब्राँझ मिळवलं आणि आमच्या क्लबवरही मुलांना घेऊन येणारे पालक वाढले. त्याचा प्रकार ५० मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून), म्हणजे .२२ ची रायफल; तिला परवाना लागतो. सुरुवात मात्र १० मीटर एअर रायफलने होते. ४.५ मिलिमीटर बोअरच्या (नळीच्या भोकाच्या) आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, म्हणून पुष्कळ लोक तिला खेळणं समजतात. तो गैरसमज दारातच सोडून या. छर्रा डोळ्याला लागला तर डोळा जातो.

पहिली पायरी: रायफल बॅगेतून काढायची ती फायरिंग लाईनवर, तोंड टार्गेटकडे ठेवूनच. मग झेंडी बघा. ही भडक नारिंगी दोरी नळीच्या एका टोकातून आत जाऊन दुसऱ्या टोकाने बाहेर डोकावते. दोन्ही टोकं दिसली म्हणजे आत छर्रा नाही, हे शेजारच्या लेनवरच्यालाही न विचारता कळतं. 'रिकामीच आहे' या तोंडी शब्दावर रेंजवर कोणीच विसंबत नाही.

दुसरी: 'लोड', म्हणजे छर्रा भरा, हा हुकूम ऐकल्याशिवाय झेंडी काढायची नाही. छर्ऱ्याचं तोंड चपटं, कंबर बारीक आणि मागची बाजू पोकळ असते. चपटं तोंड पुढे ठेवून अंगठ्याने अलगद आत सरकवा. बोट चापाबाहेर. नेम धरल्यावरच ते आत जातं.

तिसरी, उभं राहणं. इथे वेळ द्या, घाई करू नका. उजव्या हाताने मारणाऱ्याने डावी कूस टार्गेटकडे करायची आणि डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं. वजन हाडांनी पेलायचं. दंडाने पेललं तर दहाव्या शॉटला हात थरथरतो. आता नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, उघडा. साईट बाजूला सरकलेली दिसली तर हाताने ओढून आणू नका, मागचा पाय थोडा हलवा. माझ्या मते नवशिक्याने पहिले दोन आठवडे छर्रा न घालता एवढंच करावं. मुलांना कंटाळा येतो, पण पुढचा सगळा खेळ यावर उभा असतो.

चौथी: नळीच्या टोकावरच्या साईटच्या रिंगमध्ये टार्गेटचा काळा गोल बसवा, भोवती सगळीकडे सारखा पांढरा काठ दिसला पाहिजे. दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्याला शोधत बसू नका. श्वास अर्धा सोडून थांबा, चाप हळूहळू दाबत जा. आठेक सेकंदांत शॉट सुटला नाही तर बोट बाहेर काढा, नळी टार्गेटकडेच ठेवून रायफल खाली घ्या आणि पुन्हा सुरुवात करा. शॉट सुटल्यावरही क्षणभर तसेच उभे राहा.

सगळ्यात धोक्याचा क्षण कोणता? चांगला शॉट लागल्यावरचा. मागे आई उभी असते, पोरगी 'आई, दहा!' म्हणत वळते, आणि हातातली रायफलही तिच्याबरोबर वळते. हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय. म्हणून पालकांनो, मूल लाईनवर असताना हाक मारू नका, टाळी वाजवू नका.

चाप ओढला आणि आवाज वेगळा आला, टार्गेटवर भोक नाही, तर छर्रा नळीत अडकलेला असू शकतो. दुसरा भरू नका, नळीत डोकावू नका. तोंड टार्गेटकडेच ठेवून हात वर करा, रेंज ऑफिसर येईल. 'स्टॉप' ऐकू आलं की बोट ताबडतोब बाहेर. धोका दिसला तर तुम्हीही 'स्टॉप' ओरडा, नवखे आहात म्हणून गप्प बसू नका.

संपल्यावर बोल्ट, म्हणजे छर्रा भरायची जागा उघडणारा खटका, उघडा, झेंडी घाला, रेंज ऑफिसरला दाखवा, मग तिथेच बॅगेत. छर्रे शिशाचे असतात, त्यामुळे जेवणाचा डबा उघडण्याआधी साबणाने हात धुवा. रायफलला दाबाखालची हवा पुरवणाऱ्या सिलिंडरवरची तारीखही बघून घ्या. मुदत संपलेला सिलिंडर भरायला देऊ नका, मग तो बाहेरून कितीही नवा दिसो.