चॅम्पियनशिपचा ४६ मॅचचा हंगाम पुण्यात बसून नीट कसा फॉलो करायचा

इंग्लिश फुटबॉलमधली दुसरी पायरी म्हणजे ईएफएल (इंग्लिश फुटबॉल लीग) चॅम्पियनशिप. २४ संघ, प्रत्येकाच्या ४६ मॅच, ऑगस्टपासून मेच्या सुरुवातीपर्यंत. प्रीमियर लीगच्या ३८ मॅचची सवय असलेल्याला आठ मॅचचा फरक किरकोळ वाटतो. पण या जादा मॅच आठवड्याच्या मधल्या रात्रींना येतात आणि तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली असते. म्हणून पुष्कळ जण ऑगस्टमध्ये हौसेने सुरुवात करतात, नोव्हेंबरात सलग तीन-चार मॅच हुकतात आणि मग नुसता गुणतक्ता चाळत राहतात. या लीगचा नुसता गुणतक्ता फसवतो. कोणाच्या किती मॅच बाकी, कोणाचे किती गुण कापलेत, कोण कोणाविरुद्ध खेळून झालंय, हे त्यात पटकन दिसत नाही. एक संघ निवडायचा, एक वही किंवा एक्सेल शीट ठेवायची आणि संपूर्ण हंगाम त्या संघाच्या बाजूने वाचायचा, ही यावरची खात्रीची पद्धत.

आधी घड्याळ

वेळापत्रक जूनच्या अखेरीस येतं. ते आल्या आल्या सगळ्या मॅच भारतीय वेळेत मांडून घ्या. इथे दोन चुका हमखास होतात.

पहिली चूक घड्याळबदलाची. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत आपण इंग्लंडच्या साडेचार तास पुढे असतो, बाकीचे महिने साडेपाच तास. शनिवारची दुपारी ३ ची मॅच ऑगस्टमध्ये आपल्याकडे संध्याकाळी ७:३० ला, तर डिसेंबरमध्ये रात्री ८:३० ला. १२:३० ची मॅच ५ ला किंवा ६ ला. आठवड्याच्या मधली संध्याकाळी ७:४५ ची मॅच रात्री १२:१५ ला किंवा १:१५ ला. हिंजवडी-खराडीत यूके शिफ्ट करणाऱ्यांच्या हे अंगवळणी पडलेलं असतं, बाकीच्यांचा ऑक्टोबरअखेरचा आठवडा हटकून गडबडतो.

दुसरी चूक तारखेची. मंगळवार रात्रीची मॅच आपल्याकडे बुधवारी सुरू होते. वहीत दोन्ही तारखा लिहा, नाहीतर बुधवारी रात्री अलार्म लावून उठाल आणि मॅच आदल्या रात्रीच होऊन गेलेली असेल. फोनच्या कॅलेंडरमध्ये नोंद करताना टाइम झोन ‘लंडन’ ठेवा, घड्याळबदल फोनच सांभाळतो.

पुण्याचं म्हणून एक वेगळं गणित आहे. शहराच्या बऱ्याच भागांत गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात. बुधवार रात्रीची मॅच लाइव्ह न बघता गुरुवारी सकाळी रिप्ले बघायचा बेत असेल, तर राउटरला छोटा यूपीएस लावा. गणेशोत्सवातल्या शनिवारी ७:३० ची मॅच एखाद्या कॅफेत बघायची ठरवलीत, तर पेठांमधून जावं लागणार नाही अशी जागा निवडा. संध्याकाळी पाच नंतर तिथले रस्ते बंद असतात आणि ढोल-ताशात कॉमेंट्री ऐकू येत नाही.

भारतातले प्रक्षेपणाचे हक्क बदलत राहतात, त्यामुळे वर्षाचं सबस्क्रिप्शन जुलैत आंधळेपणाने घेऊ नका. आधी ईएफएलच्या आणि तुमच्या क्लबच्या वेबसाइटवर भारतासाठी काय लिहिलंय ते वाचा. एक फायदा मात्र आपल्या बाजूने आहे. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी २:४५ ते ५:१५ टीव्हीवर थेट फुटबॉल दाखवायला बंदी असते. ती बंदी भारताला लागू नाही.

तीन रेषा: २, १.५, १.१

हा या पद्धतीचा गाभा आहे. प्रत्येक मॅचला सरासरी २ गुण मिळवले तर ४६ मॅचचे ९२ होतात आणि साधारण तेवढ्यात पहिल्या दोनात राहून थेट बढती मिळते. सरासरी १.५ म्हणजे ६९, ही सहाव्या क्रमांकाच्या आसपासची रेषा; २०२४-२५ मध्ये तिथपर्यंतच्या संघांना प्ले-ऑफ, म्हणजे बढतीच्या उरलेल्या एका जागेसाठीचे बाद सामने, खेळायला मिळाले. सरासरी १.१ म्हणजे जेमतेम ५०, ही खालच्या लीगमध्ये न जाता तगून राहण्याची रेषा.

या रेषा हवेतल्या नाहीत. सहाव्या क्रमांकाच्या संघाचे गुण २०२२-२३ मध्ये ६९ (संडरलंड), २०२३-२४ मध्ये ७३ (नॉर्विच) आणि २०२४-२५ मध्ये ६८ (ब्रिस्टल सिटी) होते. दुसऱ्या क्रमांकाला त्याच तीन हंगामांत अनुक्रमे ९१, ९६ आणि १०० गुण होते. म्हणजे वरची रेषा त्या तीन हंगामांत कडक होत गेली. ९२ ला ‘नक्की’ समजू नका, ‘शर्यतीत आहोत’ एवढाच त्याचा अर्थ. खालची रेषासुद्धा दगा देऊ शकते. बर्मिंगहॅम २०२३-२४ मध्ये ५० गुण घेऊन खाली गेला आणि २०१२-१३ मध्ये पीटरबरो चक्क ५४ गुणांवर.

आता हे वहीत कसं वापरायचं? समजा, १० मॅचनंतर तुमच्या संघाचे १७ गुण आहेत. २ च्या रेषेवर २० हवे होते, म्हणजे उणे ३. १.५ च्या रेषेवर १५ हवे होते, म्हणजे अधिक २. गुणतक्त्यात संघ अकरावा असला तरी काळजीचं कारण नाही, तो प्ले-ऑफच्या वेगाने चाललाय. उलट चौथ्या क्रमांकावरच्या संघाच्या दोन मॅच जास्त झालेल्या असल्या, तर त्याचा चौथा क्रमांक उसना आहे. ऑक्टोबरपर्यंत क्रमांकाचा रकाना लपवूनच ठेवा, फक्त रेषेपासूनचं अंतर बघा.

हंगामाचे सहा-सहा मॅचचे तुकडे पाडा. एका तुकड्यात वरच्या रेषेला १२, मधल्या रेषेला ९ आणि खालच्या रेषेला ७ गुण लागतात. असे सात तुकडे होतात आणि शेवटी चार मॅच उरतात. एका पराभवाने या लीगमध्ये काहीच ठरत नाही. सलग दोन तुकडे रेषेखाली गेले, तर मात्र प्रशिक्षकाची खुर्ची हलायला लागते.

वहीतले रकाने

तारीख (दोन्ही), प्रतिस्पर्धी, घरची की बाहेरची मॅच, निकाल, एकूण गुण, तिन्ही रेषांपासूनचं अंतर, मागच्या मॅचपासूनचे विश्रांतीचे दिवस आणि पिवळी कार्डं. एवढे रकाने पुरेत. पझेशनची टक्केवारी वगैरे भरत बसलात तर वही सप्टेंबरातच बंद पडेल.

पिवळ्या कार्डांचा रकाना लोक गाळतात आणि मग महत्त्वाच्या मॅचला मिडफिल्डर का नाही, हे शोधत बसतात. नियम असा: संघाच्या पहिल्या १९ मॅचमध्ये पाच पिवळी कार्डं झाली की एका मॅचची बंदी. ३७ व्या मॅचपर्यंत दहा झाली की दोन मॅचची. पंधरा झाली की तीन. त्यामुळे चार पिवळी कार्डं घेतलेला डिफेन्सिव्ह मिडफिल्डर सतराव्या-अठराव्या मॅचला टॅकल जपून करताना दिसतो आणि विसाव्या मॅचला पुन्हा मोकळा होतो. हा बदल नजरेने टिपता येतो, फक्त मॅचचा क्रमांक लक्षात हवा.

विश्रांतीच्या दिवसांबरोबर प्रवासही लिहा. २०२४-२५ मध्ये प्लिमथ आणि संडरलंड एकाच लीगमध्ये होते. दोन्हींमधलं अंतर साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पुण्याहून निघून नागपूरच्या जरा अलीकडे. शनिवारी असा प्रवास करून आलेला संघ मंगळवारी घरी खेळताना सत्तराव्या मिनिटानंतर कसा धावतो, ते मुद्दाम बघा. सगळ्या ९० मिनिटांना वेळ नसेल, तर अशा मॅचची शेवटची २५ मिनिटं बघा. पहिल्या २५ मिनिटांपेक्षा त्यांतून जास्त कळतं.

डिसेंबरात झोपेचं नियोजन

आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या सुट्टीत चॅम्पियनशिप थांबते. तेव्हा वही नीट करून घ्या, कारण नाताळात उसंत मिळत नाही. २०२४-२५ मध्ये २१, २६ आणि २९ डिसेंबर, मग १ आणि ४ जानेवारी अशा तारखांना मॅच झाल्या. पंधरा दिवसांत पाच. या काळात राखीव खेळाडू किती तगडे आहेत, ते उघडं पडतं. पाचही मॅच बघायचा हट्ट नको. पहिली आणि चौथी पूर्ण बघा आणि दोन्हींतल्या सुरुवातीच्या अकराची तुलना करा. सहा-सात नावं बदललेली असतील आणि तरीही खेळाची पद्धत तीच असेल, तर तो संघ मेपर्यंत टिकणार.

जानेवारीत एफए कप या इंग्लंडमधल्या बाद स्पर्धेची तिसरी फेरी येते, चॅम्पियनशिपचे संघ त्या स्पर्धेत तिथूनच उतरतात. कपमध्ये पुढे गेलेल्या संघाच्या लीगमधल्या काही मॅच पुढे ढकलल्या जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये आठवड्याच्या मधल्या दिवशी कोंबल्या जातात. ‘हातात एक मॅच आहे’ हे म्हणूनच नेहमी चांगलं लक्षण नसतं. ती मॅच कोणत्या दोन मॅचच्या मध्ये पडणार, ते बघून मगच खुश व्हा.

वजा गुण आणि पैसा

प्रीमियर लीगमधून खाली आलेल्या क्लबला पॅराशूट रक्कम मिळते. तिथल्या समान वाट्याच्या प्रक्षेपण उत्पन्नाच्या पहिल्या वर्षी ५५ टक्के, दुसऱ्या वर्षी ४५ आणि तिसऱ्या वर्षी २०. वर जाऊन एकाच हंगामात परत आलेल्यांना दोनच वर्षं मिळते. वहीच्या पहिल्या पानावर यंदा ही रक्कम कोणाला मिळतेय, ते लिहून ठेवा. २०२४-२५ मध्ये पहिले तीन आलेले लीड्स, बर्नली आणि शेफील्ड युनायटेड हे तिघंही त्याआधीच्या दोन वर्षांत प्रीमियर लीगमधून उतरलेले होते. पण पैसा म्हणजे हमी नाही. ल्यूटन त्याच हंगामात वरून आला आणि थेट लीग वनमध्ये, म्हणजे तिसऱ्या पायरीवर गेला.

गुणकपातीचा वेगळा रकाना ठेवा. क्लब ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला, म्हणजे कर्जापायी त्याचा कारभार प्रशासकाकडे गेला, की १२ गुण कापले जातात. शेफील्ड वेन्सडेवर ऑक्टोबर २०२५ मध्ये ही वेळ आली आणि डिसेंबरमध्ये आणखी ६ गुण गेले. अशा संघाविरुद्धची मॅच ‘सोपे तीन गुण’ समजणं चूक आहे, कारण मैदानावरचे गुण आणि तक्त्यातले गुण तिथे वेगळे असतात. खेळून मिळवलेले गुण एका रकान्यात आणि तक्त्यातले दुसऱ्यात ठेवलेत, की संघाची खरी ताकद दिसते.

मैदानाबाहेर तक्ता बदलणं फक्त तिकडेच घडतं असं नाही. आपल्या आय-लीगच्या २०२४-२५ हंगामात चर्चिल ब्रदर्सला ट्रॉफी दिली गेली होती, पण जुलै २०२५ मध्ये क्रीडा लवादाच्या निकालाने विजेतेपद इंटर काशीकडे गेलं. अपिलं निकाली निघेपर्यंत वहीतलं शेवटचं पान पेन्सिलनेच लिहा.

शेवटचा दिवस

शेवटच्या फेरीतल्या सगळ्या मॅच एकाच वेळी सुरू होतात. आधी समान गुणांचा नियम पक्का करा: गुण, मग गोलफरक, मग केलेले गोल. त्यानंतर कागदावर फक्त तीन-चार मॅच उतरवा, ज्यांचा तुमच्या प्रश्नाशी संबंध आहे.

३ मे २०२५ चं उदाहरण घ्या. हल पोर्ट्समथशी १-१ बरोबरीत राहिला, ल्यूटन वेस्ट ब्रॉमविचकडून ५-३ हरला. दोघांचे ४९ गुण झाले, हलचा गोलफरक बराच चांगला होता म्हणून हल वाचला आणि ल्यूटन खाली गेला. बरोबरीच्या एका गुणाने ल्यूटन ५० वर जाऊन वाचला असता. अशा दिवशी मोठ्या स्क्रीनवर तुमची मॅच आणि फोनवर ‘लाइव्ह टेबल’ एवढंच ठेवा. एकाच वेळी तीन स्ट्रीम लावल्यात तर कोणती किती मागे आहे याचा गोंधळ होतो आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर गोल तुमच्या आधी पोचतो. ग्रुप तासभर म्यूट करा.

प्ले-ऑफ

२०२४-२५ मध्ये तिसरा विरुद्ध सहावा आणि चौथा विरुद्ध पाचवा अशा दोन लेगच्या (एक मॅच घरी, एक बाहेर) सेमीफायनल झाल्या. वरच्या क्रमांकाच्या संघाला दुसरा लेग घरी मिळाला. परक्या मैदानावरच्या गोलला जादा किंमत नाही. प्ले-ऑफची रचना बदलू शकते, त्यामुळे किती जागा आहेत ते ऑगस्टमध्येच नियमावलीत बघून मधली रेषा त्याप्रमाणे हलवा.

लीगमधलं अंतर इथे पुसलं जातं, हे ध्यानात ठेवा. शेफील्ड युनायटेडने २ गुण कापले जाऊनही ९० गुण मिळवले होते. संडरलंडचे ७६ होते आणि लीगमधल्या शेवटच्या पाचही मॅच ते हरले होते. तरी लंडनच्या वेंब्ली मैदानावर या दोघांमधली फायनल २-१ ने जिंकून वर गेले ते संडरलंड. त्याच फायनलमध्ये शेफील्डच्या हॅरिसन बरोजचा गोल व्हीएआरने (व्हिडिओ बघून निर्णय तपासणाऱ्या पंचांनी) रद्द केला. चॅम्पियनशिपच्या ४६ मॅचमध्ये व्हीएआर नसतो, फक्त गोललाइन तंत्रज्ञान असतं, त्यामुळे वर्षभर गोल झाला की लगेच नाचायची सवय लागलेली असते. वेंब्लीवर मात्र खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत वहीत आकडा लिहू नका.