सायकल कॉम्प्युटर: घेताना आणि लावताना या चुका टाळा

सायकल कॉम्प्युटर म्हणजे हँडलवर बसवायचं, वेग, अंतर आणि मार्ग दाखवणारं छोटं यंत्र. त्याच्या खोक्यावर ‘नॅव्हिगेशन’ हा शब्द दिसला की बहुतेकांचं समाधान होतं. पण सायकल कॉम्प्युटरमध्ये हा एकच शब्द तीन निराळ्या गोष्टींना लावतात, आणि चुकीची खरेदी बहुतेक वेळा इथेच होते. पहिली गोष्ट म्हणजे नुसती रेघ. कोऱ्या पडद्यावर आखलेला मार्ग दिसतो, भोवती रस्ता, गाव, नदी काहीच नाही. दुसरी, त्या रेघेखाली खरा नकाशा. तिसरी, नकाशा आहेच, शिवाय वाट चुकली तर यंत्र स्वतः नवी वाट काढून देतं. गार्मिन एज १३० प्लस, ब्रायटन रायडर ४२०, आयजीपीएसपोर्ट बीएससी २०० यांच्या पडद्यावर रेघ मिळते. एज ५३० आणि ५४०, वाहू बोल्टची दुसरी आवृत्ती ही तिसऱ्या प्रकारातली.

रेघेचं यंत्र कमअस्सल आहे असं अजिबात नाही. दर रविवारी सिंहगड, अधूनमधून लोणावळा, बाकी दिवस ठरलेल्या रस्त्यावर इंटर्व्हल (आलटूनपालटून जोरात आणि सावकाश), असा सराव असेल तर नकाशाचे पैसे पॉवर मीटरसाठी (पायांची ताकद वॉटमध्ये मोजणाऱ्या सेन्सरसाठी) राखून ठेवलेले बरे. पण कोकणातल्या आतल्या रस्त्यांवर फाट्याला दोन वाटा जवळजवळ समांतर निघतात. तिथे रेघ सोडल्याचं कळेपर्यंत शंभरेक मीटर पुढे गेलेलं असतं, आणि तो उतार असेल तर तेवढंच परत चढावं लागतं. अनोळखी भागात फिरणाऱ्याने नकाशाशिवाय यंत्र घेऊ नये, हे आमचं ठाम मत.

परदेशातून आणलेल्या यंत्रात भारताचा नकाशा असेलच असं धरू नका. विकत घेण्याआधी पडद्यावर आपलं गाव उघडून पाहा, नसेल तर भारताचा नकाशा उतरवून घेता येतो का ते विचारा. बिल आणि वॉरंटी भारतातली आहे का, हेही त्याच वेळी.

मार्गाच्या फाइलमधल्या चुका

‘यंत्र वळण सांगतच नाही’ ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते, आणि दोष बहुधा फाइलचा असतो. साध्या जीपीएक्स ट्रॅकमध्ये फक्त ठिपक्यांची माळ असते, ‘इथे डावीकडे’ अशी सूचना नसते. नकाशा असलेलं यंत्र त्या ठिपक्यांवरून वळणं स्वतः ओळखू शकतं, रेघेच्या यंत्राला ते जमणं अवघड. म्हणून मार्ग आखून झाल्यावर फाइल टीसीएक्स किंवा फिट प्रकारात घ्या आणि वळणसूचना सोबत घेण्याचा पर्याय चालू ठेवा. मग फाइल यंत्रात टाकून आदल्या दिवशीच वळणांची यादी उघडून पाहा. पहाटे साडेपाचला अंधारात, सगळे निघायच्या तयारीत असताना हे काम होत नाही.

मार्ग आखताना प्रवासाचा प्रकार ‘सायकल’ निवडलाय ना, हे तपासा. मोटारीसाठी आखलेला मार्ग मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, समृद्धी महामार्गावर, वांद्रे-वरळी सागरी सेतूवर किंवा अटल सेतूवर बिनदिक्कत नेतो. या चारही ठिकाणी सायकलला बंदी आहे. बोरघाटात जुना रस्ता आणि द्रुतगती मार्ग एकमेकांच्या अगदी जवळून जातात, त्यामुळे तेवढा भाग मोठा करून रेघ नेमकी कोणत्या रस्त्यावर आहे ते डोळ्यांनी बघा.

परिक्रमेचा मार्ग, म्हणजे जिथून निघालो तिथेच शेवट, यात आणखी एक अडचण येते. सुरुवात आणि शेवट एकाच ठिपक्यावर असले की काही यंत्रं सुरू होताक्षणी ‘मार्ग पूर्ण’ म्हणतात, किंवा उलट्या दिशेने नेऊ लागतात. शेवटचा ठिपका सुरुवातीच्या दोनतीनशे मीटर अलीकडे ठेवला की बहुधा हे थांबतं. ज्या रस्त्याने जायचं त्याच रस्त्याने परत यायचं असेल तर जाण्याची आणि येण्याची अशा दोन फाइल करा. एकाच फाइलमध्ये यंत्र मधेच परतीच्या रेघेवर उडी मारतं आणि उरलेलं अंतर एकदम चुकीचं दाखवतं.

आणि ब्रेव्हेला, म्हणजे लांबचं अंतर ठरलेल्या वेळेत पुरं करायच्या राइडला निघताना नवी वाट काढण्याची सोय बंदच ठेवा. तिथे ठरलेला मार्गच पाळायचा असतो. वाट चुकली की यंत्र जवळची वाट सुचवतं, थकलेला माणूस ती मुकाट्याने धरतो, आणि मधलं एखादं कंट्रोल (हजेरी नोंदवायचं ठिकाण) राहून जातं. रेघ सोडली तर थांबा, नकाशा मागे सरकवा, जिथे चुकलात तिथे परत या.

घाट आणि उंचीचा घोळ

एकाच घाटात चार सायकलींवर चार वेगळे चढ दिसतात, तेव्हा लोक यंत्र बदलण्याचा विचार करू लागतात. आधी हा आकडा येतो कुठून ते समजून घ्यायला हवं.

मार्ग आखणाऱ्या संकेतस्थळांवरची उंची जमिनीच्या उंचीच्या जाळीवरून काढलेली असते. सर्रास वापरली जाणारी एसआरटीएमची (अवकाशातून रडारने मोजलेल्या उंचीची) जाळी साधारण ३० मीटरच्या चौकोनांची आहे. सपाटीवर तेवढं पुरतं. सह्याद्रीतला घाटरस्ता मात्र कड्याला कोरलेली पायरी असते, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला दरी. रेघ २० मीटर इकडेतिकडे सरकली की उंची कड्यावरची किंवा दरीतली धरली जाते. त्यामुळे पसरणीसारख्या घाटात आराखड्यात मधेच २० टक्क्यांचा चढ दिसतो, जो रस्त्यावर नाहीच. बोगद्यातही तेच. कात्रजच्या बोगद्यातून जाणाऱ्या मार्गावर वरच्या डोंगराची उंची मोजली जाऊ शकते. आलेखात शंभर मीटरपेक्षा कमी लांबीचं टोकदार शिखर दिसलं की ते खोटं समजा आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या सरळ उतारावर विश्वास ठेवा. चढाची आगाऊ माहिती देणारा पडदाही याच आकड्यांवर चालतो, त्यामुळे ‘पुढचे ८०० मीटर १८ टक्के’ वाचून गिअरचा निर्णय घेऊ नका.

सायकलवरच्या यंत्राचं गणित वेगळं. चांगल्या यंत्रात हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर असतो. घाटात सराव करणाऱ्याने तो नसलेलं यंत्र घेऊ नये. नुसत्या जीपीएसने काढलेली उंची त्याच जीपीएसने दाखवलेल्या जागेपेक्षा कमी अचूक असते, कारण सगळे उपग्रह आपल्या वरच्याच बाजूला असतात, खालून मोजणारा कोणी नसतो.

पण बॅरोमीटरही हवेच्या मर्जीवर चालतो. समुद्रसपाटीजवळ दाब १ हेक्टोपास्कलने (हेक्टोपास्कल हे हवेच्या दाबाचं एकक) उतरला की यंत्राला आपण सुमारे ८ मीटर वर आलो असं वाटतं. आपल्याकडे हवा अगदी स्वच्छ असली तरी दाब सकाळी १० च्या सुमारास जास्त आणि दुपारी ४ च्या सुमारास कमी असतो, फरक ३ हेक्टोपास्कलच्या आसपास. म्हणजे सकाळी दहाला घरून निघून चारला परत आलात तर घर २५ मीटर वर सरकलेलं दिसेल. यंत्र बिघडलेलं नसतं. लांबच्या राइडआधी घराची किंवा निघण्याच्या जागेची माहीत असलेली उंची हाताने भरा. गार्मिनमध्ये ती जागेसकट साठवून ठेवता येते.

पावसाळ्यात येणारा बिघाड मात्र खरा असतो. दाब मोजणारं बारीक भोक बहुधा यंत्राच्या पाठीला किंवा तळाला असतं. त्यावर पाण्याचा थेंब बसला, घामाचं मीठ किंवा एनर्जी ड्रिंक वाळलं की उंची एका आकड्यावर अडकते आणि मग एकदम उडी मारते. भर चढावर ० टक्के दिसतं. घरी आल्यावर नळाच्या मंद धारेखाली यंत्र धुवा, भोक खाली ठेवून वाळू द्या. टाचणी घालू नका, हवेच्या पंपाने फुंकू नका. आतला पडदा फाटला तर तो दुरुस्त होत नाही.

अंतर आणि वेग

ताम्हिणीसारख्या दाट झाडीच्या, कड्यालगतच्या रस्त्यावर उपग्रहाचे संदेश पानांत अडतात, खडकावरून परावर्तित होऊन येतात, आणि रेघ वाकडीतिकडी होते. दोन वारंवारितांवर चालणारी यंत्रं (एज ५४०, ८४०, १०४०, वाहू रोमची दुसरी आवृत्ती) इथे चांगली ठरतात. पण फक्त अंतर आणि वेग बरोबर हवा असेल तर हबला, म्हणजे चाकाच्या मध्यभागाला बांधायचा स्पीड सेन्सर पुष्कळ स्वस्त पडतो, आणि बोगद्यातही मोजत राहतो.

त्यात चाकाचा घेर मात्र बरोबर भरा. ७०० बाय २३ टायरचा घेर २०९६ मिलिमीटर, ७०० बाय २८ चा २१३६, ७०० बाय ३२ चा २१५५. ३२ चा टायर चढवून घेर २३ चाच राहिला तर १०० किलोमीटरच्या जागी ९७.३ च नोंदले जातील. खात्री करायची तर टायरमध्ये नेहमीची हवा भरा, व्हॉल्व्ह तळाशी आणून जमिनीवर खूण करा, सायकलवर बसून सरळ तीन फेरे जा, पुन्हा खूण करा, अंतराला तीनने भागा.

सुरुवातीला उपग्रह सापडेपर्यंत थांबायला हवं. प्रत्येक उपग्रहाची कक्षेची माहिती प्रसारित व्हायला ३० सेकंद लागतात. पार्किंगमधून निघता निघता बटण दाबलं तर ती माहिती तुटत राहते आणि पहिला किलोमीटर शेजारच्या सोसायटीतून गेलेला दिसतो. उघड्यावर एक मिनिट उभे राहा. यंत्र बंद ठेवून दुसऱ्या शहरात नेलं असेल तर जास्त वेळ द्या.

सेन्सर आणि सरावाचे आकडे

हार्ट रेटचा पट्टा सापडत नाही, याचं नेहमीचं कारण खिशातला फोन. ब्लूटूथवर बरेच सेन्सर एका वेळी एकाच यंत्राला जोडले जातात आणि फोनवरच्या ॲपने तो आधीच धरलेला असतो. अँट प्लस या दुसऱ्या बिनतारी पद्धतीवर तोच सेन्सर कितीही यंत्रांना एकदम ऐकू येतो. म्हणून फोनचं ब्लूटूथ बंद करा, पट्ट्याच्या आतल्या पट्ट्या पाण्याने ओल्या करा, क्रँक फिरवून पॉवर मीटर जागा करा, आणि अँट प्लसवर जोडा. हे घरीच करायचं. गटाच्या सुरुवातीच्या जागी जोडलं तर शेजारच्याचा पट्टा आपल्याला लागतो. मधूनमधून आकडा गायब होत असेल तर आधी सीआर २०३२ सेल बदला. काही कंपन्या मुलांनी गिळू नये म्हणून सेलवर कडू लेप देतात, त्याने काही सेन्सरमध्ये संपर्क नीट होत नाही.

पॉवर मीटरचा शून्य तपासणं लोक विसरतात. सायकल एसीच्या खोलीतून किंवा गाडीतून काढल्यावर १०–१५ मिनिटं बाहेरच्या हवेत ठेवा, मग क्रँक उभा, पाय पेडलवर नाही, आणि झीरो ऑफसेट. पेडलवरचा मीटर असेल तर क्रँकची लांबी भरावी लागते. क्रँक १७० मिलिमीटरचा असताना १७२.५ भरली तर आकडा दीड टक्का जास्त येतो, २५० वॉटवर जवळजवळ ४ वॉट. एकाच बाजूचा मीटर डाव्या पायाचा आकडा दुप्पट करतो. डावा ४८ आणि उजवा ५२ टक्के असेल तर खरे २५० वॉट पडद्यावर २४० दिसतात. स्वतःच्या प्रगतीसाठी हे चालतं, दुसऱ्याशी तुलना करण्यासाठी नाही.

पॉवरची सरासरी शून्य धरून, कॅडेन्सची (मिनिटाला पेडलचे किती फेरे) शून्य वगळून ठेवा. पॉवर मीटर असेल तर नोंद दर सेकंदाला, अधूनमधून होणारी ‘स्मार्ट’ नोंद नको. पडद्यावर क्षणाचा आकडा न ठेवता ३ सेकंदांची सरासरी ठेवा, नाहीतर आकड्याच्या मागे धावून पायांची लय जाते. हार्ट रेटचे झोन ‘२२० वजा वय’ या सूत्रावर सोडू नका, आणि एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारी सर्वाधिक पॉवर) कारखान्यातून आलेला तसाच ठेवू नका. २० मिनिटांच्या चाचणीची सरासरी गुणिले ०.९५ हा साधा मार्ग आहे.

सायकल थांबली की घड्याळ आपोआप थांबवणारा ऑटो पॉज घाटात बंद करा. तीव्र चढावर वेग अगदी कमी झाला की घड्याळ थांबतं आणि चढाचे तुकडे पडतात. ब्रेव्हेत तर तो घातकच, कारण २०० किलोमीटरसाठीचे साडेतेरा तास चहा-पोह्यांसकट मोजले जातात. पडद्यावर एकूण गेलेला वेळ हवा, फक्त चालत्या चाकाचा नाही.

पाऊस, बॅटरी, माउंट

पावसात टचस्क्रीनवर थेंब पडले की पडदे आपोआप सरकतात. जून ते सप्टेंबर नियमित चालवणाऱ्याने बटणांचं यंत्र घ्यावं, निदान टच कुलूपबंद करता येणारं. पोलराइज्ड गॉगल लावून पडदा दिसतो का तेही दुकानातच पाहा.

खोक्यावरचे बॅटरीचे तास प्रकाश कमी, मार्ग नाही, सेन्सर थोडे अशा स्थितीतले असू शकतात. त्याचे दोन तृतीयांश धरून चाला. ६०० च्या ब्रेव्हेला ४० तास मिळतात, म्हणजे पॉवर बँक लागेलच, आणि चालत्या सायकलवर चार्ज होतं का ते आधी बघा. पाण्यापासून बचावाचा आयपीएक्स ७ हा दर्जा म्हणजे स्थिर पाण्यात १ मीटर खोल ३० मिनिटं. गाडी धुण्याचा फवारा त्यात येत नाही. भर पावसात चार्जिंग टाळा, ओल्या पोर्टमध्ये केबल घातली की आतले संपर्क गंजतात.

गार्मिन आणि वाहूचे माउंट (यंत्र हँडलवर अडकवायचे धारक) दिसायला सारखे, पण खाचा ९० अंशांनी फिरलेल्या असतात. जोर लावला तर यंत्राचे कान तुटतात. माउंटच्या जोडीला दोरी बांधाच. गटारावरचा लोखंडी जाळीचा एक धक्का पुरेसा असतो.

राइड फोनवर चढली नाही तर यंत्र रीसेट करण्याआधी केबलने संगणकाला जोडा, ॲक्टिव्हिटी नावाच्या फोल्डरमधली त्या दिवसाची फिट फाइल कॉपी करून ठेवा, आणि मग बाकीचं करा. सॉफ्टवेअर अपडेटही स्पर्धेच्या आदल्या रात्री नको. आधीच्या आठवड्यात करा, आणि नंतर एक छोटी राइड करून सेन्सर, मार्ग, उंची तिन्ही पुन्हा तपासा.