टोकन टाकण्याआधी आरसी बघा
जुनी गाडी बघायला गेलात की एजंट हमखास म्हणतो, "संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय, आत्ताच टोकन टाका." येऊ दे की! तुम्ही आधी आरसी मागा. त्यावर बँकेचा बोजा दिसला, तर कर्ज फिटलंय एवढ्या तोंडी शब्दावर जाऊ नका. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, म्हणजे बोजा उतरवायचा अर्ज, आरटीओत गेल्याशिवाय तो उतरत नाही, आणि गाडी नावावर करताना तिथंच घोडं अडतं. थकलेली ई-चलानं गाडी नंबरवरून ऑनलाइन दिसतात. ती विकणाऱ्यालाच भरायला लावा. बॉनेटला हातही लावून बघा. गरम लागलं, तर तुम्ही यायच्या आधीच गाडी चालू केलेली असते. थंड इंजिनची खरखर मग ऐकूच येत नाही. टोकन द्यायचंच असेल, तर 'कागद न जुळल्यास पैसे परत' असं लिहून, सही घेऊनच द्या.