घराच्या बदल्यात फ्लॅट? अदलाबदल करताना या चुका टाळा

गणपतीत चाकरमानी गावी येतात आणि जागेजमिनीचे विषय निघतात. गुहागरकडचं वडिलोपार्जित घर मुंबईच्या चुलत भावाला हवं असतं. त्याने गुंतवणूक म्हणून रत्नागिरीत घेऊन भाड्याने दिलेला फ्लॅट गावातल्या भावाला सोयीचा वाटतो. ‘तू माझं घे, मी तुझं घेतो.’ पैशाला कोणी हात लावलेला नाही, मग कर कसला, असं दोघंही धरून चालतात. पण आयकर कायद्यात हस्तांतरण म्हणजे नुसती विक्री नव्हे, अदलाबदलही त्यात येते. म्हणजे दोघांनीही आपापली मालमत्ता विकली असं समजून भांडवली नफा मोजायचा.

समजा, रेडी रेकनरने (मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेल्या दराने) घर 40 लाखांचं आणि फ्लॅट 55 लाखांचा. फ्लॅट देणारा म्हणेल, मला तर 40 चंच घर मिळालं. तरी त्याची विक्री किंमत मुद्रांक मूल्याने, 55 लाख धरतात. 10 टक्क्यांपर्यंतचा फरक माफ असतो, इथे तो फार पुढे गेला. घर देणाऱ्याचं दुखणं निराळं. 40 च्या बदल्यात 55 चं पदरात पडलं, तर वरचे 15 लाख ‘इतर उत्पन्न’ धरून स्लॅबप्रमाणे कर मागितला जाऊ शकतो. नातेवाइकाकडून आलेल्या मालमत्तेला ही तरतूद लागत नाही खरी, पण त्या व्याख्येत सख्खे भाऊबहीण, काका, आत्या, मामा, मावशी बसतात, चुलत भाऊ बसत नाही. आपल्याकडे तो भाऊच. आयकर खात्याला परका. म्हणून फरकाची रक्कम बँकेतून द्या आणि दस्तात तशी लिहा. सीआरझेडमुळे (किनारपट्टीलगतच्या बांधकामाचे नियम) बांधकामाला मर्यादा असून बाजारभाव रेकनरपेक्षा खरोखरच कमी असेल, तर प्रकरण मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवा अशी मागणी करता येते.

काही जण शक्कल लढवून एकमेकांना बक्षीसपत्र करून देतात. मोबदल्यात मिळालेलं बक्षीस हे बक्षीस नव्हेच. आणि 200 रुपयांच्या मुद्रांकाची सवलत नवरा-बायको, मुलं, नातवंडं, दिवंगत मुलाची पत्नी यांच्यापुरती आहे. दोन वेगळी खरेदीखतं केली तर मुद्रांक शुल्क 40 वरही आणि 55 वरही. अदलाबदलीच्या एकाच दस्तात ते जास्त मूल्याच्या मालमत्तेवर, म्हणजे 55 वर लागतं. तोंडी अदलाबदल तर विसराच. नोंदणीकृत दस्त लागतोच.

आजोबांनी बांधलेल्या घराला काय खर्च आला, हे कोणालाच ठाऊक नसतं. अशा वेळी 1 एप्रिल 2001 चं वाजवी मूल्य घेता येतं, पण ते त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्याच्या वर जात नाही. मूल्यांककाचा अहवाल आधीच करून ठेवा, नोटीस आल्यावर धावपळ नको. 24 महिन्यांहून जास्त काळ ठेवलेल्या मालमत्तेवर 12.5 टक्के कर. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या जागेसाठी निवासी व्यक्तीला इंडेक्सेशनसह (खरेदी किंमत महागाईप्रमाणे वाढवून) 20 टक्क्यांचा हिशेब करून जो कमी पडेल तो भरता येतो.

घर देऊन झालेल्या नफ्यातून दुसरं घर घेतलं की मिळणारी सूट (1961 च्या कायद्यातलं कलम 54, 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या कायद्यात क्रमांक बदलले) फक्त राहत्या घराला मिळते, हा गैरसमज अनेकांना महागात पडतो. भाड्याचा फ्लॅटही पात्र ठरतो, कारण तोही निवासी घरच. मात्र मिळालेलं घर तीन वर्षांच्या आत विकलं की सूट परत जाते.

घरामागची बाग मात्र वेगळी मोजा. आंबा-पोफळीचा सातबारा स्वतंत्र असेल तर दस्तातही त्याचं मूल्य स्वतंत्र दाखवा. शहराच्या ठरावीक अंतराबाहेरची शेतजमीन भांडवली मालमत्ता धरत नाहीत; सगळं ‘घर’ म्हणून एकत्र लिहिलंत तर विनाकारण कर भराल. आणि घेणारा शेतकरी नसेल तर कूळ कायद्याची परवानगी आधी बघा.